हुकूम खालून येतो

"एक्स्क्यूज मी सर, गुड मॉर्निंग सर. कुड यू प्लीज टेल मी, शाल आय ब्रिंग धिस बॉक्स डाउन नाऊ, ऑर शाल आय वेट?"

वॉकीटॉकीवर काकांचं वाक्य असं सावकाश, एकेका शब्दाला हात धरून पलीकडे नेल्यासारखं चाललं होतं. त्यांच्या क्रेनला लटकलेला कंटेनरचा रिकामा डबा वाऱ्याने झुलत झुलत कुंपणाकडे सरकत होता. खाली उभा राहून इशारे देणारा, मोठ्या आवाजामुळे सगळे ज्याला भोंगा म्हणत तो गडी घसा फोडून "स्टॉप! स्टॉप!" ओरडत होता आणि काकांना त्यातलं अक्षर ऐकू जात नव्हतं. वॉकीटॉकीचं असंच असतं. बोलायचं बटण दाबून ठेवलं की आपण फक्त बोलतो. पलीकडचा जिवाच्या आकांताने ओरडला तरी आपल्याला पत्ता नसतो.

डब्याचा कोपरा कुंपणाच्या खांबाला घासला. लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कश आवाज सगळ्या गोदीभर गेला. काकांचा अंगठा बटणावरून सुटला, त्यांना भोंग्याचा आवाज ऐकू आला आणि डबा जागच्या जागी थांबला.

हेल्मेट घालून ट्रेनिंगच्या साहेबांशेजारी इंग्रजीच्या मॅडम उभ्या होत्या. कुणाला लागलं नव्हतं. सरावाचं मैदान होतं, डबा रिकामा होता. पण ते "कुड यू प्लीज" कुठून आलं, हे तिथे फक्त त्यांना आणि वर केबिनमध्ये बसलेल्या काकांना ठाऊक होतं.

"हे कुड यू, शाल आय कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

भोंगा घाम पुसत आला. "साहेब, एवढ्या अदबीनं तर लग्नात माझ्या सासऱ्यानं मला विचारलं नव्हतं."

कुणी हसलं नाही. साहेब मॅडमकडे पाहत राहिले.

गोदीत नवा नियम आला होता. जहाजांवर देशोदेशीची माणसं, सगळ्यांच्या कानाशी एकच वाहिनी. तेव्हा वॉकीटॉकीवर बोलायचं ते इंग्रजीतच. त्यासाठी क्रेन चालवणाऱ्यांचा वर्ग निघाला आणि मॅडमना ही तात्पुरती नोकरी लागली. त्याआधी त्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत. उतारा वाचा, सारांश लिहा, "माझा अविस्मरणीय दिवस" यावर निबंध. मूल झाल्यावर ती नोकरी सुटली. ही धरली, कारण गोदीच्या आवारातच पाळणाघर होतं आणि वर्गाच्या खिडकीतून त्याचा दरवाजा दिसत होता. मॅडम शिकवताना अर्धं लक्ष त्या दरवाज्यावर ठेवून असत. तिथे कुणी जोरात रडलं की इथे फळ्यावरचं वाक्य अर्धं राही.

पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांच्या हातात एक कागद ठेवला. अप. डाउन. स्लो. होल्ड. स्टॉप. ऑल क्लिअर. आणखी असेच थोडे.

"एवढंच?" मॅडमनी विचारलं होतं. "यात कर्ता नाही, काळ नाही. एक 'प्लीज'सुद्धा नाही! ही काय भाषा झाली?"

"मॅडम, इथलं इंग्रजी दोरखंडासारखं हवं. लागेल तेवढंच, पण तुटायला नको," साहेब म्हणाले. "खालच्यानं सांगायचं, वरच्यानं तेच परत म्हणायचं आणि मग करायचं. खालून सांगितल्याशिवाय हवेतला डबा हवेतच. बाकी शेक्सपिअरचं तुमचं तुम्ही घरी करा."

मॅडमना ते थोडं लागलं होतं. पण वर्ग चांगला चालला. माणसं कामाची होती, थट्टेखोर होती. "अप" म्हणताना सगळा वर्ग नकळत मान वर करी. सगळ्यात मागच्या बाकावर काका बसत. उंच क्रेनच्या केबिनमध्ये उभा जन्म गेलेला, म्हणून सगळे त्यांना "वरचे काका" म्हणत. काही चांगलं झालं की भोंगा आकाशाकडे हात जोडून म्हणे, "वरच्याची कृपा!" आणि काका मागून म्हणत, "वरच्याला चहा पाज आधी."

हेच काका एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर रेंगाळले. हातातल्या टोपीची कड गोल गोल फिरवत म्हणाले, "मॅडम, हे डब्यांचं इंग्रजी झालं. पण माणसांचं इंग्रजी शिकवाल का?"

"म्हणजे?"

"नात आहे मला. मुलगा परदेशात असतो, सूनही तिकडचीच. पोरीला इंग्रजीशिवाय काही येत नाही. सुट्टीच्या दिवशी फोन येतो, त्यात चेहरा दिसतो ना, तो. मी म्हणतो, हाऊ आर यू. ती म्हणते, फाईन. मग मला काही सुचत नाही आणि तीही जाते पळून. आमची ही बरी. ही आपली आपल्याच भाषेत वाटेल ते बोलते, पोरीला काही कळत नाही, तरी हसते. मी आपला मुखदुर्बळ." टोपी थांबली. "हल्ली तर ती फोनवर यायचंच नाही म्हणते. मुलगा म्हणतो, खेळतेय. मला कळतं हो."

मॅडमना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. ते दुःख त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांची स्वतःची मुलगी अडीच वर्षांची होत आली तरी तोंडातून धड शब्द काढत नव्हती. बोट दाखवी, हुं हुं करी, रडे. पाळणाघरातली तिच्या वयाची पोरं घडाघडा गाणी म्हणत. सासूबाई म्हणत, "बोलेल गं. हिच्या बापानंही उशिरा तोंड उघडलं. आता बंद होतं का?" मॅडम हसत, पण रात्रीची झोप काही त्या विनोदाने येत नसे.

त्यांनी काकांची शिकवणी सुरू केली. वर्ग सुटल्यावर, साहेबांना न सांगता. कॉलेजात शिकवत तसं, नीट, पूर्ण वाक्यांचं, सभ्य इंग्रजी. तुझा आवडता रंग कोणता? तू कितवीत आहेस? आज तू काय खाल्लंस, हे कृपया मला सांगशील का? काका मान डोलावत, घोकत. केबिनमध्येही घोकत असावेत. आणि अशा रीतीने ते "कुड यू प्लीज" जमिनीपासून एवढ्या उंचावर जाऊन पोचलं होतं.

मैदान रिकामं झाल्यावर मॅडमनी साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेब रागावले, पण ओरडले नाहीत. ते जास्त वाईट होतं.

"पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. तेव्हा असं एक वाक्य आलं, तर काका खाली उतरले समजा. मग झाडलोट, नाहीतर गेटवर बसणं. चालेल तुम्हाला?"

काका दाराशीच उभे होते. ते ऐकून पुढे आले. "मॅडमना बोलू नका साहेब. हट्ट माझा होता. शिकवणी बंद."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "काका, मला माफ करा. पण नातीचं काय?"

"राहू दे," काका टोपी डोक्यावर घालत म्हणाले. "ह्या रविवारी विचारलं होतं मी, व्हॉट इज युवर फेवरिट कलर. अगदी तुम्ही शिकवलं तसं, न अडखळता. पोरीनं बापाला काय विचारलं माहितीये? आजोबा टीचर आहेत का?" आणि ते हसले, पण असं हसले, की मॅडमना त्यांच्या पाठोपाठ जाववलं नाही.

त्या संध्याकाळी मॅडमच्या घरात स्वयंपाकघरातले सगळे प्लास्टिकचे डबे जमिनीवर आले होते. मुलगी एकावर एक रचत होती आणि मॅडम तिच्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या.

"हा कुठला रंग, राणी? निळा. म्हण बरं, नि-ळा. आणि हा? हे काय आहे? डबा. म्हण, ड-बा."

मुलीने पाठ फिरवली.

रोजच फिरवत असे. पण आज त्या छोट्या पाठीकडे बघताना मॅडमना काकांची नात दिसली. न पाहिलेली, कुठल्याशा परक्या घरातल्या गालिच्यावर अशीच पाठ करून बसलेली. तुझा आवडता रंग कोणता? आजोबा टीचर आहेत का?

काय करत होतो आपण एवढे दिवस? सकाळी उठल्यापासून पोरीची तोंडी परीक्षा. हे काय, ते काय, म्हण, सांग. बटण दाबून धरलेलं, आणि पलीकडे ती काही म्हणत असली तरी ऐकू येणार कसं? त्यांना कुंपणाला घासलेला तो कोपरा आठवला. त्यांनी ओठ मिटून घेतले. मिटणं सोपं नव्हतं. "म्हण बरं" जिभेवर येऊन येऊन परत जात होतं.

थोड्या वेळाने मुलीने वळून पाहिलं. आईचं तोंड आज बंद कसं, याचं तिलाही नवल वाटलं असावं. तिने एक डबा आईच्या हातात कोंबला आणि बोट वर केलं.

"वर," मॅडम म्हणाल्या, आणि डबा वर नेला. काकांना शिकवलं तसंच. आधी परत म्हणायचं, मग करायचं.

मुलीने त्या डब्याकडे पाहिलं, मग आपल्या मनोऱ्याकडे. हात खाली करून हुं केलं. मॅडमनी डबा हलवला नाही. हवेतला डबा हवेतच. मुलीने पुन्हा हुं केलं, पाय आपटला. हात भरून आला तरी मॅडम थांबून राहिल्या. विचारत नव्हत्या, सुचवत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या.

"खायी!" मुलगी ओरडली. "खायी! आई, खायी!"

"खाली," मॅडम म्हणाल्या, आणि डबा सावकाश मनोऱ्यावर टेकवला. पुढचा काही वेळ त्यांना समोरचं नीट दिसेना.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण गं बोललं?"

"तुमची नात!"

"बघ! आता बंद करून दाखव."

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मॅडमनी पिशवीतून चार डबे काढून काकांच्या बाकावर ठेवले.

"शिकवणी बंद म्हटलं होतं ना मॅडम?" काका चपापून दाराकडे बघत म्हणाले.

"बंदच आहे. माणसांचं इंग्रजी मी चुकीचं शिकवत होते तुम्हाला. नवीन काही शिकायचं नाही आता. तुम्हाला येतं तेच नातीशी बोलायचं. अप, डाउन, होल्ड. फक्त हुकूम तिचा आणि क्रेन तुम्ही."

"मी आजोबा तिचा. तिचे हुकूम मी ऐकू?"

"भोंग्याचे ऐकता ना?"

"भोंग्याची गोष्ट वेगळी. तो खाली असतो. मला वरून डब्याखालचं दिसत नाही, त्याला दिसतं. म्हणून मी…" काका थांबले. एक डबा उचलून त्यांनी तळहातावर तोलून पाहिला. "पोरीचंही तसंच आहे म्हणा. तिथलं मला कुठं काय दिसतंय?"

परीक्षेच्या दिवशी वारा पडला होता. काका वर चढले, आणि वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला तो मोजका आणि कोरडा. "अप स्लो." "अप स्लो." "होल्ड." "होल्ड." प्रत्येक शब्दानंतर बटण सुटत होतं, त्या सुटण्याची बारीक खरखर मॅडमना गाण्यासारखी वाटली. डबा ट्रकवर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. साहेबांनी कागदावर सही केली आणि मॅडमकडे न बघता म्हणाले, "प्लीज म्हणाले नाहीत, आभारी आहे." मग, थोडं थांबून, "खिडकीतून पाळणाघर दिसतं म्हणून तुम्ही इथे आलात, हे माहीत आहे मला. पुढच्या वर्गालाही तीच खोली ठेवतो."

बरीच माणसं अशी पाठ वळवून चांगलं वागतात, आणि आपण त्यांना कुठल्याच भाषेत नीट धन्यवाद देत नाही, असं मॅडमना वाटून गेलं.

रविवारी काकांनी मॅडमना मुलीसकट घरी बोलावलं. दोन खोल्यांचं घर, खिडकीतून लांबवर क्रेनची टोकं दिसत होती. काकूंनी चहा दिला, मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "हे काल रात्रीपासून माझे डबे पुसतायत. लग्नाला इतकी वर्षं झाली, एक डबा कधी पुसला नाही माणसानं."

"तू कधी इंग्रजीत सांगितलं नाहीस," काका म्हणाले. त्यांनी नवा धुतलेला शर्ट घातला होता. फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता आणि समोर डबे ओळीने मांडले होते.

फोन वाजला. पडद्यावर मुलगा आला. दाढी वाढलेला, तिकडे सकाळच होती. "बाबा, ती खेळतेय. नंतर बघू का?"

एरवी काका "बरं बरं" म्हणाले असते. आज म्हणाले, "तिला बोलावू नकोस. फोन नुसता तिच्याजवळ जमिनीवर ठेव, आणि तू बाजूला हो."

पडद्यावर छत फिरलं, खुर्चीचे पाय आले, मग गालिचा. गालिच्यावर चार वर्षांच्या मुलीची पाठ. मॅडमना त्या संध्याकाळी दिसली होती, अगदी तशीच पाठ.

काकांनी एक डबा उचलला. आवाज वॉकीटॉकीवरचा. "क्रेन रेडी."

पाठ हलली नाही. काकू काही बोलणार होत्या. मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला. काका गप्प बसून राहिले. केबिनमध्ये बसत असतील तसे, पाठ ताठ, नजर एका जागी.

"क्रेन रेडी," काही वेळाने ते पुन्हा म्हणाले. एकदाच.

पोर वळली. "व्हॉट क्रेन?"

"आय क्रेन. यू बॉस."

ती गुडघ्यांवर रांगत फोनपाशी आली. तिचं नाक पडद्यात मावेना एवढं मोठं झालं. तिने डबा पाहिला. मग, परीक्षा घेतल्यासारखं, हळूच म्हणाली, "अप?"

"अप," काका म्हणाले, आणि डबा वर गेला.

"डाउन."

"डाउन."

"अप! अप! फास्ट!"

"नो फास्ट," काका गंभीरपणे म्हणाले. "बिग बॉक्स. ओन्ली स्लो."

"स्लो," पोर शहाण्यासारखी म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं की हा म्हातारा आपण म्हणू ते म्हणतो आणि तेच करतो. तिचे डोळे चमकले. लेफ्ट म्हटलं, लेफ्ट झालं. स्टॉप म्हटलं, सगळं थांबलं, काकांची पापणीसुद्धा. ती हसायला लागली. हसता हसता गालिच्यावर आडवी झाली, पुन्हा उठली. मागून तिचा बाप वाकून बघत होता आणि एक हात तोंडावर धरून उभा होता. मॅडमची मुलगी काकूंच्या मांडीवरून उतरली, काकांच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली आणि प्रत्येक "डाउन"ला आपल्या भाषेत "खायी" म्हणू लागली. पलीकडून विचारणा आली, "हू इज दॅट?"

"माय ऑफिसर," काका म्हणाले. हे वाक्य त्यांना कुणीच शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात पोरीला काहीतरी सुचलं. काकांचा डबा वर होता. "होल्ड इट, ग्रँडपा! डोन्ट मूव्ह!" असं ओरडून ती उठली आणि पळाली.

"होल्ड," काका म्हणाले.

पडद्यावर नुसता गालिचा उरला. कुठेतरी दूर दार वाजलं, सुनेचा आवाज आला, पाणी सोडल्याचा आवाज आला. मुलगा वाकून म्हणाला, "बाबा, ती बहुतेक आतच रमली. ठेवा तुम्ही खाली."

काकांनी मान हलवली. नाही.

काही मिनिटं गेली. मॅडमनी निघायची तयारी केली. मुलीची झोपेची वेळ झाली होती. काका वळून बघू शकत नव्हते, म्हणून समोर बघतच म्हणाले, "मॅडम, तुमचे उपकार…"

"काका, बटण सोडा," मॅडम म्हणाल्या. त्याहून जास्त त्यांनाही बोलवलं नसतं.

काका हसले. हात तेवढा हलू दिला नाही.

"अहो, दुखेल ना हात," काकू म्हणाल्या. "कोण बघतंय? ठेवा."

"खालून सांगितल्याशिवाय?"

मुलीला कडेवर घेऊन मॅडम दारात चपला घालत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. खिडकीत गोदीतल्या क्रेन रविवारच्या सुट्टीत स्थिर उभ्या होत्या आणि अलीकडे काका, खांद्याच्या रेषेत हात धरून, हातात काकूंचा झाकणाचा डबा. फोनमधून कुठूनतरी लहान पावलं धावत असल्याचा आवाज येत होता. येत होती की जात होती, ते दारातून समजत नव्हतं.

"खायी?" कडेवरून मुलीने विचारलं.

"अजून नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्याही थांबल्या.